फुग्याचं वजन कुठे गेलं? : नववीच्या रसायनाच्या प्रकल्प नोंदी

२० जून २०२४, गुरुवार

शाळा उघडून पाच दिवस झाले. यंदाचं कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गात बदल करून त्याचा परिणाम तपासणं, रसायनावर करायचं नक्की केलं. मोठ्या बाईंना विषय लिहून दिला : ‘स्वतः कृती करून शिकल्याने नववीच्या मुलांची रसायनातली गोडी वाढते का, आणि वाढली तर टिकते का?’

‘वाढते का’ याचं उत्तर मला जवळपास ठाऊक आहे. परीक्षानळीत रंग बदलला की वर्ग ‘ओऽऽ’ करतो, हे सतरा वर्षं बघतेय. हीच मुलं पुढे दहावीत ‘समीकरण संतुलित करा’ आलं की तो प्रश्न कोरा सोडतात. त्या ‘ओऽऽ’पासून कोऱ्या जागेपर्यंत मधे काय हरवतं, ते मला शोधायचंय.

शाळा परळची, मराठी माध्यमाची. नववीच्या दोन तुकड्या माझ्याकडे, अ आणि ब. प्रयोगशाळेत सहा टेबलं, चालू नळ दोन. तास पस्तीस मिनिटांचा, आठवड्यातून एकदा जोडतास. एवढ्यातच बसवायचं आहे.

२४ जून

प्रश्नावली भरून घेतली. ‘मला रसायनशास्त्र आवडते’, ‘मला प्रयोग करायला आवडतात’ अशी दहा विधानं, समोर पाच पर्याय. जवळजवळ सगळ्यांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. एकाने तर हात वर करून विचारलं, “बाई, यातलं बरोबर कुठलं?” मुलं माझं मन राखतायत. या आकड्यांवर मी काहीही उभं करणार नाही.

त्याऐवजी बुटाचा रिकामा खोका आणला, झाकणाला चीर पाडली आणि प्रयोगशाळेच्या दाराशी ठेवला. कुणीही, कधीही, नाव न घालता प्रश्नाची चिठ्ठी टाकायची. दर शुक्रवारी खोका उघडायचा आणि चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे करायचे : ‘हे परीक्षेला येईल का’ या जातीचे एकीकडे, खरे प्रश्न दुसरीकडे. मधल्या सुट्टीत किती जण आपणहून वर येतात, तेही लिहीत जायचं. गोडी मोजायचं याहून प्रामाणिक माप मला तरी सुचत नाही.

११ जुलै

सोमवारच्या पावसाने आठवडा विस्कटला. आज कुठे पट भरला.

‘द्रव्याचे मोजमाप’ सुरू केलं. ठरवलं होतं की अ तुकडीत नवी पद्धत आणि ब तुकडीत नेहमीची, म्हणजे तुलना करता येईल. तीन दिवसांत ब मधली एक मुलगी जिन्यात गाठून म्हणाली, “बाई, त्यांना टेबलावर नेता, आम्हाला का नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय मधल्या सुट्टीत अ ची मुलं ब ला सगळं सांगतातच, त्यामुळे ती तुलना तशीही स्वच्छ राहिली नसती. तुलना रद्द. दोन्ही तुकड्या बरोबर चालतील.

पद्धत साधी ठेवली आहे. आधी अंदाज, मग निरीक्षण, मग स्पष्टीकरण. व्हाइट आणि गनस्टोन या शिक्षणसंशोधकांनी ती १९९२ मध्ये नीट मांडली. मी त्यात एक अट घातली : अंदाज शाईने लिहायचा आणि खाली सही करायची. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज मुलं गुपचूप खोडतात.

१८ जुलै, जोडतास

आजचं सविस्तर लिहून ठेवते.

वस्तुमान अक्षय्यतेचा नियम : रासायनिक बदलात एकूण वस्तुमान कमी-जास्त होत नाही. बाटलीत १०० मिली व्हिनेगर, फुग्यात ४ ग्रॅम खाण्याचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर दोऱ्याने घट्ट बांधलेला. हे सगळं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर. फुगा उलटा केला की सोडा आत पडणार आणि फुगा फुगणार. प्रश्न असा : काट्यावरचा आकडा वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील?

निम्म्याहून जास्त मुलं ‘वाढेल’ म्हणाली, कारण फुगा मोठा झाला. पुस्तक पुढे वाचून आलेले ‘तेवढाच राहील’ म्हणाले. मग शेजाऱ्याशी तीन मिनिटं वाद घालायला सांगितलं आणि पुन्हा हात वर करायला लावले. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ पासून वर्गात हेच चालवलं : आधी प्रत्येकाचं स्वतःचं उत्तर, मग शेजाऱ्याला पटवणं, मग पुन्हा उत्तर. दुसऱ्या वेळी ‘तेवढाच’ म्हणणारे खूप वाढले. वर्ग नियमाच्या बाजूला आला होता.

फुगा उलटा केला. फसफसलं, फुगा टम्म झाला. काट्यावर १३७ होते, ते १३६ झाले.

वर्ग गप्प. पहिला नंबर येणारा मुलगा ठामपणे म्हणाला, “काटा बिघडलाय.” दुसरी बाटली तयार होती, तीही केली. तिथेही एक ग्रॅम कमी.

मी उत्तर सांगितलं नाही. आदल्या रात्री घरी करून पाहिला होता, तेव्हा मीही चमकले होते आणि तासभर ओट्याशी उभी होते. ते कोडं मुलांच्या हातून काढून घ्यायचं नाही, एवढं तिथेच ठरवलं होतं. फळ्यावर फक्त लिहिलं : ‘एक ग्रॅम कुठे गेला?’

मग जे सुरू झालं ते घंटा झाली तरी थांबलं नाही. कुणी म्हणालं, फुग्याच्या तोंडातून वायू गळतोय. लगेच एकाने साबणाचं पाणी आणून दोऱ्यावर फासलं. बुडबुडा आला नाही. कुणी म्हणालं, हा वायू हलका, म्हणून वर ओढतो. त्याला दुसऱ्याने अडवलं, “कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो.” शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जिने जूनपासून माझ्या तासाला तोंड उघडलं नव्हतं, ती हळूच म्हणाली, “बाई, गावाला विहिरीत कळशी पाण्याखाली असते तोवर हलकी लागते. तसं हवेत पण होत असेल का?”

मी म्हटलं, “तपासायचं कसं?” आणि जिना उतरले.

२२ जुलै

शुक्रवारी खोक्यात २३ चिठ्ठ्या निघाल्या. परीक्षेची एकही नाही.

एका मुलीचे वडील झवेरी बाजारात कारागीर आहेत. तिने त्यांचा खिशात मावणारा काटा आणला. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवतो. पंखे बंद केले, खिडक्या लावल्या, कारण नुसत्या वाऱ्याने आकडा नाचत होता. सगळे घामाघूम, पण जागचं कुणी हललं नाही. आधी १३७.४२. फुगा फुगल्यावर १३६.२१. घट १.२१ ग्रॅम.

मग दोरा. फुग्याचा घेर ४० सेंमी. गोलाच्या घनफळाचं सूत्र मी दिलं, गणित त्यांनी केलं : १०८० घन सेंमीच्या आसपास, म्हणजे एक लिटरहून थोडं जास्त. एक लिटर हवेचं वस्तुमान साधारण १.२ ग्रॅम. फुग्याने बाजूला सारलेल्या हवेचं वजन आणि काट्यावरची घट जवळजवळ एकच निघाली. कळशीवाली मुलगी तो आकडा वहीत तीनदा लिहीत होती. आर्किमिडीजचं तत्त्व, म्हणजे वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या वजनाने ती हलकी लागते, हे हिने आठवीत पाठ केलं होतं. ते कळशीला लागू होतं तसं हवेलाही होतं, हे तिला आज समजलं.

मग उलट तपासणी. कडक सोडावॉटरची बाटली, तेवढंच व्हिनेगर, तेवढाच सोडा. सोडा टिश्यूच्या पुडीत टाकून झाकण झटकन घट्ट केलं. बाटली फुगत नाही, म्हणजे जास्तीची हवा सारायला नको. आकडा जागचा हलला नाही. झाकण उघडलं, फस्स झालं, आणि दीड ग्रॅमहून जास्त खाली आला. “आता खरंच गेला!” एक जण ओरडला. नियम पुस्तकात छापला आहे म्हणून खरा, असं आज कुणालाच वाटत नव्हतं. त्यांनी त्याला पकडलं होतं, आरोप केला होता आणि मग निर्दोष सोडलं होतं.

(या प्रयोगाला सोडा मोजूनच घ्यायचा, ४ ग्रॅमच्या वर नाही. बाटली कडक सोडावॉटरचीच हवी, काचेची कधीही नाही. मुलांच्या डोळ्यांवर चष्मे.)

१ ऑगस्ट

मूलकं (संयुगातले भारित अणू किंवा अणुगट) आणि संयुजा (अणूची दुसऱ्याशी जोडलं जाण्याची क्षमता). गट पाडून प्रत्येक मुलाने एक भाग शिकायचा आणि मग आपल्या गटाला शिकवायचा, ही मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरनसन यांची १९७१ ची पद्धत लावून पाहिली. जमली नाही. पस्तीस मिनिटांत मुलं जागा बदलेपर्यंत दहा मिनिटं गेली आणि ज्याने सल्फेटचा भाग चुकीचा समजून घेतला त्याने सहा जणांना चुकीचं शिकवलं. पुढच्या तासाला मी फळ्यावर सरळ समजावून दिलं. मुलांनी नीट ऐकलं आणि कामही झालं. सरळ सांगण्यात वाईट काही नाही.

१३ ऑगस्ट

‘आम्ल, आम्लारी व क्षार’. आम्लारी म्हणजे साबण, चुना यांसारखे आम्लाच्या उलट गुणाचे पदार्थ. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी, हळदीच्या पट्ट्या, लिंबू, साबण, चुन्याची निवळी. जास्वंद लिंबात लालभडक गुलाबी आणि चुन्यात हिरवी. हळद साबणात तांबडी. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे सांगितल्यावर मुलींनी आपापल्या आज्यांचे दाखले दिले. वर्गात नुसता कल्ला. पर्यवेक्षक दारात येऊन कौतुक करून गेले. इतका देखणा तास या वर्षात झाला नव्हता.

१६ ऑगस्ट, खोका उघडला

३१ चिठ्ठ्या. वाचून मन जरा खट्टू झालं. ‘अजून कशाचा रंग बदलतो?’ ‘निळा रंग कशाने येईल?’ ‘उद्या पण करूया का?’ सगळे प्रश्न पुढच्या गमतीचे. ‘का’ विचारणाऱ्या फक्त दोन चिठ्ठ्या.

हिडी आणि रेनिंजर या संशोधकांनी २००६ मध्ये गोडीच्या चार पायऱ्या मांडल्या आहेत. पहिली, प्रसंगाने पेटलेली. दुसरी, प्रसंगाने तेवत ठेवलेली. तिसरी, व्यक्तीमध्ये अंकुरलेली. चौथी, मुरलेली. जास्वंद पहिल्या पायरीची होती. पेटली, छान दिसली आणि बहुतेक विझणार. फुगा दिसायला साधा होता, पण त्याच्या चिठ्ठ्या दोन आठवडे येत राहिल्या.

फरक कशात, ते आज रात्री लिहून काढलं. दोन्हीकडे मुलांचे हात चालत होते. फुग्याच्या वेळी मुलांनी आधी शब्द दिला होता, तो खोटा ठरला होता आणि पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं. जास्वंदीच्या वेळी सगळं मी ठरवलेलं होतं, त्यांनी फक्त थेंब टाकले. आपण ‘कृतियुक्त अध्ययन’ म्हणतो तेव्हा कृती हाताची मोजतो. निर्णय कुणाचा होता, तेही मोजायला हवं.

२१ ऑगस्ट, जोडतास

ब तुकडीतल्या एका मुलाच्या वडिलांची वडापावची गाडी आहे. पहाटे पीठ भिजवायला तो मदत करतो. हळदीच्या पट्ट्यांनंतर त्याने खोक्यात नाव घालून चिठ्ठी टाकली होती : ‘सोडा जास्त झाला की भजी लाल पडते. ती हळदीमुळे का? पण पीठ भिजवताना लाल नसतं, तळल्यावर होतं. असं का?’

आजचा पूर्ण जोडतास त्या चिठ्ठीला दिला.

त्याने पुढे येऊन आधी गाडीवरचं सांगितलं. बेसन, हळद, चिमूटभर सोडा. सोडा चिमटीत मावेल एवढाच, जास्त पडला तर वडील पीठ बाजूला काढतात. रंग बिघडतो आणि चवही साबणासारखी लागते. “साबणासारखी” म्हटल्याबरोबर दोघीतिघी एकदम बोलल्या, “आम्लारी!” मी काही बोलायची गरज नव्हती.

मग तपासणी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात हळदीची पट्टी बुडवली, जेमतेम नारिंगी झाली. त्याने सुचवलं की तेल नको, पाणीच उकळून बघू. तोच द्राव बीकरमध्ये दहा मिनिटं उकळला, बुडबुडे येत राहिले. निवल्यावर नवी पट्टी घातली, तर ती गडद तांबडी. खात्रीसाठी मी कपाटातून फिनॉल्फ्थॅलीन काढलं, आम्लारीत गुलाबी होणारं. न उकळलेल्या द्रावात अगदी फिकी गुलाबी झाक, उकळलेल्यात गडद गुलाबी.

म्हणजे उकळताना सोडा बदलला आणि जास्त आम्लारिधर्मी झाला. बुडबुडे कशाचे? एकाने चुन्याची निवळी मागितली. बुडबुड्यांचा वायू निवळीत सोडला, ती दुधाळ झाली. कार्बन डायऑक्साइड. आता फळ्यावर समीकरण लिहायची वेळ आली आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा ते मुलांनी माझ्याकडे मागितलं. सोडियम बायकार्बोनेटमधून, म्हणजे खाण्याच्या सोड्यातून, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी गेलं तर मागे काय उरलं? जुळवताना एक सोडियम कमी पडत होता. “दोन बायकार्बोनेट घ्यावे लागतील,” भजीवाला म्हणाला. दोन घेतले, जुळलं, मागे सोडियम कार्बोनेट उरलं. धुण्याचा सोडा. म्हणून साबणाची चव. पाठोपाठ वस्तुमानं मांडली : १६८ ग्रॅममधून १०६ ग्रॅम कार्बोनेट, १८ ग्रॅम पाणी, ४४ ग्रॅम वायू. बेरीज १६८. शेवटच्या बाकावरून आवाज आला, “इथे पण फुग्याचाच नियम.”

ग्लासगोचे रसायनशिक्षणाचे अभ्यासक ॲलेक्स जॉनस्टन म्हणत की रसायन तीन पातळ्यांवर चालतं : डोळ्यांना दिसतं ते, न दिसणाऱ्या कणांचं आणि चिन्हांचं. शिक्षक तिन्हींवर सहज उड्या मारतो आणि मूल मधेच पडतं. आज मूल स्वतः चालत गेलं, कारण चिन्हांशिवाय त्याच्या भजीचं उत्तर पुरं होत नव्हतं.

२९ ऑगस्ट

एक पालक भेटायला आले. कापड दुकानात नोकरी, अर्धा दिवस रजा टाकून आले होते. वही उघडून माझ्यासमोर ठेवली. “बाई, दोन महिन्यांत अकरा पानं. क्लासमध्ये दोन वह्या संपल्या. शाळेत काय शिकवता?” राग नव्हता, काळजी होती. मुलगाही मान खाली घालून म्हणाला, “मजा येते, पण शिकल्यासारखं नाही वाटत.”

मला त्या मुलाचं बोलणं जास्त महत्त्वाचं वाटलं. हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कृती करून शिकलेले विद्यार्थी चाचणीत पुढे होते, पण ‘आपण जास्त शिकलो’ असं वाटत होतं ते छान व्याख्यान ऐकलेल्यांना. अडखळत शिकताना कष्ट जाणवतात आणि मुलाला वाटतं, आपल्याला येत नाही. स्कॉट फ्रीमन यांच्या गटाने २०१४ मध्ये २२५ अभ्यास एकत्र तपासले होते. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात नापास होणारे ३३.८ टक्के, कृतियुक्त वर्गांत २१.८ टक्के. पण हे सगळं महाविद्यालयातलं. परळच्या नववीला ते जसंच्या तसं लावून त्या गृहस्थांना गप्प करणं बरोबर नव्हतं.

त्यांना भजीचं पान दाखवलं. मुलाला म्हटलं, बाबांना समजावून सांग. त्याने सांगितलं. मधे ‘दोन का घ्यायचे’ यावर अडला, मग जुळवलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, “मग हे वहीत लिहून घ्या ना.” त्यांचं म्हणणं खरं आहे. आजपासून प्रत्येक तासाची शेवटची सात मिनिटं लिहिण्याची : मी काय म्हटलं होतं, काय झालं, आता काय म्हणतो. लिहिलं नाही तर शिकल्याचा ठसा मुलापाशीही राहत नाही.

१९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर पहिली चिठ्ठी : ‘बादलीत मूर्ती विरघळवायला पावडर देतात ती कसली?’ अमोनियम बायकार्बोनेट. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने २०१६ मध्ये ही रीत पुढे आणली. प्लॅस्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. त्यापासून खाली कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, ते झाडांना खत म्हणून चालतं. पुन्हा बायकार्बोनेट म्हटल्यावर वर्गाने भजीवाल्याकडे पाहिलं.

२३ सप्टेंबर

एक गोष्ट आधीच दिसायला हवी होती. प्रत्येक टेबलावर बर्नर आणि नळी त्याच दोन मुलग्यांच्या हातात आणि लेखनिक कायम एखादी मुलगी, ‘तिचं अक्षर छान’ म्हणून. एका मुलीची चिठ्ठी : ‘मी अजून एकदाही परीक्षानळी धरलेली नाही.’ तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर. चिठ्ठी पाकिटात घालून ठेवली आहे. आता टेबलावर चार बिल्ले : हात, डोळे, लेखणी, शंका. दर तासाला बिल्ला पुढे सरकतो. ‘शंका’वाल्याचं काम एकच, प्रत्येक निष्कर्षाला ‘कशावरून’ विचारायचं. सगळ्यांना तोच बिल्ला हवा असतो.

२२ ऑक्टोबर

प्रथम सत्राचे पेपर तपासले. समीकरणाचा प्रश्न कोरा सोडणारे स्पष्ट कमी झाले. अचूक सोडवणारे मात्र फार वाढले नाहीत. मुलं आता प्रयत्न करतात, चुकतात आणि खोडून पुन्हा लिहितात. मोठ्या बाईंनी विचारलं, निकालात फरक पडला का. जेवढा दिसला तेवढाच सांगितला.

झवेरी बाजारचा काटा धनत्रयोदशीच्या गर्दीत दुकानात लागणार म्हणून परत पाठवला.

२५ नोव्हेंबर

दिवाळी, मग निवडणुकीची ड्यूटी. महिनाभर प्रयोगशाळा बंद होती. माझी खरी परीक्षा हीच होती, खोक्यात काही येतं का. शुक्रवारी उघडला तेव्हा नऊ चिठ्ठ्या होत्या. सुट्टी पडायच्या आधीच्या आठवड्यात अकरा होत्या.

त्यातली एक : ‘घराच्या ग्रिलला गंज चढला की ग्रिल जड होते की हलकी? पप्पा म्हणतात हलकी, लोखंड खाल्लं जातं.’ सह्यांनिशी अंदाज घेतले. बहुतेक सगळे पप्पांच्या बाजूने.

२ डिसेंबर

दोन बशांत पन्नास-पन्नास ग्रॅम लोखंडी चुका. एक बशी पेट्रोल पंपावरून आणलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याने रोज ओली करायची, दुसरी हवाबंद डब्यात कोरडी. मी म्हटलं होतं मिठाचं पाणी वापरू, लवकर गंजेल. ‘शंका’ बिल्ल्याच्या मुलीने अडवलं, “वजनात मीठ पण येईल ना, बाई. मग गंजाचं कुठलं आणि मिठाचं कुठलं, कसं कळणार?” म्हणून साधं पाणी. वेळ जास्त लागेल, चालेल. गंज खाली सांडला तर तोही तोलात धरायचा म्हणून बशीसकट तोलायचं, तोलण्याआधी पूर्ण वाळवायचं, हेही तिनेच ठरवलं.

हीच ती कळशीवाली. काटा आज परत आला आहे. पहिलं वजन सोमवारी, ९ तारखेला, मधल्या सुट्टीत.